वापसीच्या ओळी

साकोलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात डेटाबेसची रचना बदलणारी प्रत्येक फाइल आमच्या वरिष्ठ भाऊंच्या नजरेखालून जायची. ते आधी शेवट बघत. बदल उलटवायच्या ओळी नसल्या, तर खुर्ची मागे सरकवत म्हणत, "तू जाऊन राहिला, ते समजलं. वापस कसा येशीन?"

मला त्याचा कंटाळा यायचा.

आम्ही सांभाळायचो त्या मच्छीमार संस्थेच्या सभासद यादीत 'मूळ गाव' हा रकाना होता. धरणात बुडालेल्या गावांची नावं त्यात होती. ती कुठल्याच स्क्रीनवर दिसत नव्हती, म्हणून मी तो रकाना काढणारी फाइल लिहिली, वापसीच्या ओळींसकट. त्यांनी ती डेटाच्या कॉपीवर चालवली, मग उलटवली. रकाना परत आला, पण रिकामा.

"भाऊ, चालली ना?" मी विचारलं.

त्यांनी एक सभासद शोधून काढला. आडनाव त्यांचंच होतं. मूळ गावाची जागा कोरी होती.

"माहा बाप हाये," ते म्हणाले. "राहू दे ना तो रकाना. कोनाले तकलीफ देऊन राहिला?"

मी ती फाइल पुसून टाकली. त्या पुसण्याच्या वापसीच्या ओळी मात्र त्यांनी मागितल्या नाहीत.