फोटोचा तुकडा

आईच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. खोकला हटेना म्हणून औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला होता. उजव्या फुफ्फुसात, वरच्या दोन बरगड्यांच्या मधे, हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका. डॉक्टर शांतपणे म्हणाले, डाग म्हणजे रोग नव्हे, नुसती सावली. जुना फोटो असेल तर आणा. तेव्हाही डाग एवढाच असेल तर भिण्याचं कारण नाही. नवा असेल तर सुई घालून तपासावं लागेल.

जुना फोटो होता, पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी काढलेला. पण मधल्या सूर्यग्रहणाला आईनं तो कात्रीनं कापून गल्लीभर वाटला होता! फोटोतून ग्रहण बघायची तेव्हा रीतच होती. डोळ्यांना ते धड नाही हे कोणाच्या गावी? सूर्य काळ्या भागातून चांगला दिसतो, म्हणून या दानशूर बाईनं फुफ्फुसं शेजारपाजाऱ्यांना दिली आणि खांदे न् काळीज तेवढं घरात ठेवलं. हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले.

मग घरोघर विचारत फिरले. कोणी तुकडा फेकला होता, कोणाच्या पोरांनी हरवला होता. शेवटी भिंतीपलीकडच्या खालानं पेटी उघडली आणि लग्नातल्या ओढणीच्या घडीतून एक तुकडा काढला.

"अगला गरहन येईल ना, म्हणून ठिवला," ती म्हणाली. "आन् तुझ्या आईची छाती हाय. फेकू कशी?"

डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर नव्या फोटोशेजारी तो तुकडा लावला, उलटासुलटा फिरवला. बरगड्या जुळल्या. त्यांच्या मधे तोच ठिपका होता, तसूभरही न वाढलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, कधीतरी क्षय होऊन गेलेला दिसतो. शरीरानं त्याच्याभोवती चुन्याची भिंत घालून त्याला तिथंच कोंडलं. आताचा खोकला धुळीचा. मी थक्क होऊन आईकडे बघत राहिले. एवढी लढाई झाली, आणि घरात कोणाला पत्ता नाही, खुद्द तिलाही नाही.

कधी झालं असेल, मी विचारलं. तिनं जरा आठवून पाहिलं.

"तू अंगावर पीत होतीस, त्या साली लई खोकला होता. तुला पाजताना तोंड भिंतीकडं करून खोकायची."

त्या साली मी त्याच छातीवर डोकं ठेवून झोपत होते, आणि मला काही झालं नव्हतं.