गुणाजीचा भिकारी

गिरणी बंद पडली आणि गुणाजी धुरी बोरिवलीतल्या एका सोसायटीत वॉचमन झाला. पण कामगार रंगभूमीवरची जुनी माणसं त्याला एका नाटकातल्या भूमिकेवरून अजून ‘भिकारी’च म्हणत. चोरांचं संगीत नाटक होतं ते. चोर, दलाल, जेलर, सगळे सारखेच बदमाश आणि सगळे गाणारे! शेवटी मोठा चोर फासाखाली उभा, तेवढ्यात गुणाजीचा भिकारी पुढे येऊन प्रेक्षकांना विचारायचा, ‘‘सोडूचो काय ह्येका?’’ अख्खं थिएटर ओरडायचं, ‘‘सोडा!’’ की सुटला चोर. गुणाजी मूळचा दशावतारी, लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडात कधी टिकलंच नाही. दर प्रयोगाला तो नवं काहीतरी बोलायचा.

त्या नाटकावर सिनेमा निघाला, तेव्हा दिग्दर्शक मुकुल त्याला शोधत आला. गुणाजीने एकच मागणं घातलं. ‘‘साहेब, माझा मुलगा हर्षद आत आहे. मोबाईलचोरीत उगाच गोवलाय त्याला. जामिनासाठी एखादा चांगला वकील बघाल?’’

‘‘काका, नक्की! शूटिंग संपू दे फक्त.’’

अंधेरीच्या स्टुडिओत फासाचा दोर टांगला. समोर प्रेक्षक नव्हते, नुसता कॅमेरा. गुणाजी त्याच्याकडे बघत राहिला आणि जुनी खोड उफाळून आली. ‘‘साहेबांनू, ह्येका सोडा. आणि माझ्या झिलाक, हर्षदाक पण सोडा! त्याना काय एक केल्यान नाय हो. त्येची आवस, माझी बायको, जेवणा नाय.’’ डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं.

‘‘कट! झकास! काका, फाडलंत!’’ युनिटने टाळ्या पिटल्या. अरे, बाप ढसाढसा रडतोय समोर, आणि ह्यांना शॉट ओके झाल्याचा आनंद! नंतर वकिलाचं विचारायला गुणाजीने फोन केले. मुकुलने एकही उचलला नाही.

सिनेमा लागला. कुणीतरी बघेल, कुणाला तरी दया येईल, ह्या वेड्या आशेने तो बायकोला, नलिनीला, घेऊन गेला. पडद्यावर भिकाऱ्याने हात जोडले. त्यामागे गमतीचा बाजा वाजवलेला. थिएटर खदाखदा हसलं.

नलिनीने त्याचं मनगट घट्ट धरलं. ‘‘अहो, लोकां कित्याक हसतत?’’

राग काढायचा तरी कुणावर?

भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या जाळीपलीकडे हर्षद आला, वाळून काडी झालेला. जामीन परत फेटाळला होता. तरी पोरगा हसला.

‘‘बाबा, तुमचा पिक्चर लागला म्हणे. शेवटी त्या चोराला सोडतात का हो?’’

गुणाजीने जाळीत बोटं अडकवली.

‘‘सोडतत, झिला.’’