जामखेडवालीचं दावं

सिनेमात माणसं बोलत असली की आमची जामखेडवाली खाली मान घालून तांदूळ निवडायची आणि जनावर दिसलं की मान वर करायची. हीरो मेला तरी तिचं सूप थांबत नसे. कोपऱ्यात एखादी गाय उभी दिसली, की लगेच, "पान्यावाचून हाय बिचारी."

ती माझी वहिनी. जामखेडहून राजूरला लग्न होऊन आली, म्हणून जामखेडवाली. तोंडावर मी वहिनीच म्हणायचे. पाठीमागे जामखेडवाली, तेही दातओठ खात. नव्वदनंतरची ती वर्षं. दादा रविवारी दुपारी भाड्याचा व्हीसीआर आणायचा, कॅसेट बहुतेक इंग्रजी. कॉलेजात इंग्रजी घेतलेली घरात मी एकटी. सिनेमा संपला की दादा माझ्याकडे वळायचा, "शेवटी काय झालं गं?" तो प्रश्न माझ्या हक्काचा होता. आठवडाभर मी त्याच्या तोऱ्यात फिरायचे.

ती आली आणि आधी आमची गाय फितूर झाली. चारा मी टाकायचा आणि गायीने तिच्याकडे बघून हंबरायचं. दूध काढताना ती गायीशी माहेरच्या गप्पा मारायची. "वन्सं, तिला समदं कळतंय," म्हणायची. मला भयंकर राग यायचा. पण दादाचा प्रश्न अजून माझ्याकडे होता.

मग तो खेचराचा सिनेमा आला. बर्फाच्या डोंगरात वाट चुकलेला एक माणूस आणि त्याचं खेचर, एकमेकांच्या उबेवर दिवस काढणारे. शेवटी माणूस खेचराच्या गळ्यातली दोरी सोडतो. खेचर निघून जातं. तो दोरी हातात घेऊन बसून राहतो आणि पडदा पांढरा होतो. संपलं.

दादा वळला. मी घसा साफ केला. "तो मेला. निदान जनावर जगावं म्हणून त्याने सोडून दिलं." आईने डोळ्याला पदर लावला. मला फार बरं वाटलं.

"न्हाई वन्सं," जामखेडवालीने सूप खाली ठेवलं. "दावं त्यानं ठिवून घेतलं की. आमच्याकडं बाजारात बैल इकला तरी दावं देत न्हाईत. दावं घरी आलं, की दावनीला जनावर परत येतं. मरनारा मानूस दावं कशाला ठिवील?"

"आयला, खरंय की!" दादा म्हणाला. हात गारठले की बोटं उघडत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी सिनेमा संपला आणि दादा तिच्याकडे वळला. मी उठून चहा टाकायला गेले आणि चुलीपुढे रडले.

पुढे दादाला सुपे गावच्या कारखान्यात काम लागलं. गाय विकली, तेव्हा दावं तिने आठवणीने सोडून आणलं. निघायच्या दिवशी, एसटी यायच्या आधी, ते तिने माझ्या हातात दिलं. "खुंटीला ऱ्हाऊ द्या, वन्सं. ते तुमचा दादा तुमाला परत आनून दील." तिला सगळं कळत होतं तर! दादा मात्र खिडकीत बसून तिच्याशीच बोलत गेला.

दोघं सणाला येतात, चार दिवस राहतात, जातात. आई ते दावं बांधून त्यावर धुणं वाळत घालायला निघाली होती, मी हात लावू दिला नाही. तो माणूस मेलाच, यावर मी आजही ठाम आहे. पण रविवारी दुपारी खुंटीकडे नजर गेली की वाटतं, तिचं खरं ठरू दे. आणि ठरलंच, तर तेही तिचंच खरं ठरणार, म्हणून पुन्हा जळते.