कागदावरची बारा जनावरं

माझा हात चटकन उठतो. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कराडात पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, आणि माझ्याकडं शिवण शिकायला येऊन लाकडी पट्टीचा प्रसाद मिळाला नाही, अशी एकही पोर नसेल. मलाही तसंच शिकवलं होतं. टीप वाकडी गेली म्हणून आईनं एकदा माझं बोट धरलं आणि मशीनच्या सुईखाली सारलं. "आता कळंल सुई कुठं असती ते!" सुई नखातून आरपार गेली. ओरडले तर वर पाठीत धपाटा. त्यानंतर माझी टीप कधी वाकडी गेली नाही, असं मी शिकायला येणाऱ्या पोरींना मोठ्या तोऱ्यात सांगायची. काय बाई मी तरी!

माझी लेक मात्र ऐकून घेणारी नव्हती. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणार. घरात आम्ही दोघीच. ती दहावीत गेली त्या जूनमध्ये एकदा दूध उतू गेलं म्हणून मी तिच्या कानाखाली अशी वाजवली की दिवसभर तिला त्या कानानं नीट ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती शांतपणे म्हणाली, "आई, एक वर्ष. वर्षभर तू माझ्यावर हात उचलला न्हाईस, तर मी हितंच कराडात कॉलेज करीन. न्हाईतर दहावी झाली की मी चालले सांगलीला, मावशीकडं."

मी हसले. ती हसली नाही. ही गेली तर मी ह्या घरात भिंतींशी बोलू काय?

त्याच महिन्यात तिनं मोबाईलवर एक उद्योग शोधून काढला. दर महिन्याच्या एक तारखेला एका जनावराचा नमुना यायचा. बारा महिन्यांत बारा जनावरं, मग सगळी जोडून एक वाकळ. पण ही आपल्यासारखी धावदोऱ्याची वाकळ नव्हे. नमुना कागदावर छापून आणायचा. कागदाखाली चिंधी धरायची आणि वरून, कागदावरच्या रेघेवर, टीप मारायची. मग चिंधी उलटायची, दुसरी लावायची, परत टीप. चित्र पलीकडच्या अंगाला तयार होतं, तेही आरशात दिसावं तसं उलटं. सगळी जनावरं एकमेकांना जोडली की शेवटी मागचा कागद फाडून काढायचा.

मला ते झेपेना. पंचवीस वर्षं कापड डोळ्यांपुढं ठेवून शिवलेली बाई मी, आणि इथं कापड खाली, कागद वर! जूनचा ससा बरा निघाला. जुलैच्या मांजराचा एक कान मी तीनदा उसवला आणि चौथ्यांदा कात्रीनं मांजराचे तुकडे तुकडे केले. लेकीनं दुसरा कागद काढला. ऑगस्टमध्ये कोल्ह्याचं तोंड भलत्याच बाजूला शिवलं गेलं तेव्हा माझ्या हातात गरम इस्त्री होती. ती मी भिंतीवर फेकली. गिलाव्याचा टवका उडाला. पुढं स्टूल मोडलं, कपाटाची काच फुटली, एकदा तर तिनं उलट उत्तर दिलं म्हणून मी माझ्याच मनगटाला कडकडून चावले. दातांचे व्रण चार दिवस होते. पण तिच्या अंगाला बोट लावलं नाही. महिने सरत होते आणि मी मनातल्या मनात मोजत होते.

फेब्रुवारीत हत्ती आला. तिची बोर्डाची परीक्षा तोंडावर, म्हणून म्हटलं, "तू अभ्यास कर, हत्ती मी शिवते." तिनं पुस्तकातून डोकं वर न काढता बजावलं, "टाका अगदी बारीक ठेव हां आई. बारीक टाक्यानं कागदाला भोकं पडत्यात, मग तो अलगद निघतो."

मला शिकवती! बारीक टाक्यानं कागद शिवतानाच फाटंल, एवढं मला कळत नाही होय? मी टाक्याचा खटका पार खाली ओढला आणि कच्च्या शिलाईसारखी लांब टीप मारत सुटले. हत्ती झकास दिसत होता. तिला मी काही सांगितलं नाही.

मे महिना संपत आला. वर्ष पुरं व्हायला आठवडाभर राहिला होता. बाराही जनावरं जोडून झाली होती, आणि दुपारी आम्ही दोघी सतरंजीवर बसून मागचे कागद फाडत होतो. ससा सुटला, मांजर सुटलं. मी इतकी खुशीत होते की गुणगुणत होते. कॉलेजचा फॉर्म कराडातलाच भरायचा, असंही ती आपणहून म्हणाली होती. मग तिनं हत्तीचा कागद धरला आणि ओढला. कागद निघेना. तिनं जरा जोर लावला, तर कागदाबरोबर टीपही उसवत आली आणि सोंड मुळापासून सुटून तिच्या हातात राहिली.

"रेडे! ओढलंस कशाला?"

पट्टी माझ्या हातात कधी आली, देवाशपथ मला आठवत नाही. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. पट्टीच्या कडेनं भुवई फुटली आणि भळाभळा रक्त वाहायला लागलं. ती रडली नाही. एका हातानं डोळा दाबून दुसऱ्या हातानं तिनं हत्ती उलटा केला आणि माझ्यापुढं सरकवला. उसवलेले टाके एवढे लांब होते की आंधळ्यालाही दिसले असते.

"हा तू शिवलेलास, आई," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर तिनं मशीनचा कोपरा लागल्याचं सांगितलं. आणि मी? मी तोंड मिटून उभी राहिले. मारल्याची लाज वाटलीच, पण त्या गप्प राहण्याची जास्त वाटते.

जूनमध्ये मी स्वतः तिला सांगलीला पोचवलं. अडवायला तोंड कुठं होतं? तिकडं ती रमली. माझ्या बहिणीची बारकी आठ वर्षांची. तिला हाताशी धरून लेकीनं पहिल्यापासून पुन्हा तीच जनावरं सुरू केली. दर महिन्याला त्यांचा फोटो यायचा. मला वाटायचं, चला, माझ्या तावडीतून एक पोर तरी सुटली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तिचा फोन आला. नुसती हुंदके देत होती.

"आई, मी तिला मारलं गं."

"कुणाला?"

"बारकीला. तिनं कागद उलटा लावला. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा… मला कळलंच न्हाई कवा हात उठला ते."

"जवळ घे तिला," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता फोन ठेव आणि जवळ घे!"

"कवापास्नं बोलावतीय," ती म्हणाली. "येईना गं, आई. कॉटखाली जाऊन बसलीया."