वहीतलं कुंकवाचं बोट

मला घाबरट म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, तरी भाजीवालीशी खणखणीत मराठीत भांडून यायचे. पण त्या भोगीच्या पहाटे मी जी घाबरले, ती भीती अजून गेलेली नाही. आजही कुठे जळक्या चटईचा वास आला की मी आधी खिडक्या लावून घेते.

आमचा धंदा घरचाच. मांबळममधल्या दोन खोल्यांत मी वड्या, लाडू, चिक्की करायची आणि शहरभरच्या मराठी घरांत पाठवायची. रेल्वेतले, बँकेतले, तांबरमच्या हवाई दलाच्या वसाहतीतले, सगळे बदलीवर आलेले लोक. सणाला घरची चव मिळाली की खूश. त्यांची नावं, पत्ते, कुणाला काय लागतं, सगळं एका लांबट वहीत लिहिलेलं असायचं.

माझी धाकटी जाऊ तंजावरच्या मराठी घरातली, मद्रासमध्येच वाढलेली. मला अक्का म्हणायची. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. एका दिवाळीत मी पेरांबूरचा डबा अडयारला आणि अडयारचा पेरांबूरला धाडला, तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अय्यो अक्का, पुरे झाली ही वही!"

मग एक जुना कॉम्प्युटर घरात आला आणि त्यात ऑर्डरींचा प्रोग्राम. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चार दुपारी आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो. मी वहीतून मोठ्याने वाचायचं, तिने टाइप करायचं: नाव, पत्ता, जिन्नस, वजन, कधी पाठवायचं. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं. एक कळ दाबली की एका भागातली पार्सलं एकाखाली एक लागायची, कुठला जिन्नस एकूण किती किलो करायचा तेही कळायचं, आणि डब्यांवर चिकटवायच्या पट्ट्या करकर करत छापून यायच्या. त्या संक्रांतीला मी वही उघडलीच नाही. छापील यादी भिंतीला लावली, यादीत होता तेवढा तिळगूळ एकाच परातीत वळला आणि भोगीच्या दोन दिवस आधी सगळे डबे कुरियरवाल्याच्या हवाली केले. एकही पत्ता चुकला नाही म्हणून मी घरभर मिरवत होते. काय तो माझा तोरा!

भोगीला मद्रासमध्ये उजाडायच्या आत दारोदार जुनंपानं जाळतात. फाटक्या चटया, केरसुण्या, टायरसुद्धा. गल्लीभर धूर. आमच्या दारातही शेकोटी पेटली होती. जाऊ म्हणाली, "अक्का, ती वही पण टाका की. आता कशाला हवी?"

मला पटलं. वही आणली आणि टाकायच्या आधी उगाच चाळली. तांबरमच्या पानावर, एका नावाच्या शेजारी, कुंकवाचं बोट उमटवलेलं होतं.

त्या घरात एक मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी तिची आई तिला घेऊन माझ्याकडे हळदीकुंकवाला आली होती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी तिच्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला. अर्धा खाल्ला असेल नसेल, तिचे ओठ सुजले, डोळे मिटायला लागले, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रिक्षात टाकून नेलं. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा हिला विष आहे, पुन्हा पोटात गेला तर सांगता येत नाही. घरी येऊन मी वही उघडली. बोटाला कुंकू तसंच होतं, ते तिच्या नावापुढे दाबलं. तेव्हापासून दर संक्रांतीला पान उलटलं की ते बोट दिसायचं. मग मी परात धुऊन आधी तिचा तिळगूळ करायची, दाण्यांच्या कुटाऐवजी डाळं घालून, आणि तिच्या डब्याच्या झाकणावरही कुंकवाचं बोट लावायची.

आणि चार दुपारी मी वही वाचून दाखवली होती. नाव वाचलं, पत्ता वाचला, वजन वाचलं. कुंकू कोण वाचून दाखवतं? ते नुसतं दिसायचं असतं. जाऊची काय चूक! मीच मेली, मीच वाचत होते.

त्यांच्या क्वार्टरमध्ये फोन नव्हता. डबा आदल्या दिवशीच पोचलेला असणार. मी होते त्या साडीवर, वही हातात घेऊन स्टेशनकडे पळाले. जाऊ मागून ओरडत होती, "अक्का, चपला!" कसल्या चपला!

तांबरमची गाडी मिळाली. डब्यातही धूर शिरला होता. समोर कुणीतरी खोकलं की मला त्या शिट्टीचाच आवाज ऐकू यायचा. गिंडी गेलं, पल्लावरम गेलं. गाडी प्रत्येक स्टेशनवर का थांबते म्हणून मला तिचा राग येत होता. देवाचं नाव घ्यावं म्हटलं, तर तेही आठवेना. एवढंच डोक्यात होतं की काल संध्याकाळी तिने तो डबा उघडला असेल. माझा डबा म्हणून, बिनधास्त.

वसाहतीत पोचले तेव्हा उजाडत होतं. तिची आई दारात रांगोळी काढत होती. मला अनवाणी बघून तिच्या हातातली रांगोळी सांडली. "अहो, काय झालं?"

"मुलगी कुठाय? लाडू खाल्ला का तिने?"

"कुठे! रुसून बसलीय कालपासून. मी स्वतः लाडू मोडून हातावर दिला. म्हटलं, खा गं, मावशीचा डबा आहे, यात दाणे असतीलच कसे? पण ती हात लावेल तर शपथ."

मी तिथेच पायरीवर बसले. सांगितलं, लाडवात दाण्याचं कूट आहे. तिने भिंत धरली. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मुलगी डोळे चोळत बाहेर आली. सहा वर्षांची, दोन्ही वेण्या सुटलेल्या. लांबच उभी राहिली.

"त्याच्यावर कुंकू नव्हतं," ती म्हणाली. "तो माझा डबा नव्हताच. मावशी, तू मला विसरलीस ना?"

तिची आई घाईघाईने म्हणाली, "असं नाही बोलू, मावशी कशी विसरेल?"

जन्मभर कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी मी. म्हटलं, "हो गं बाळा. विसरले."

ती जवळ आली.

"मग आता कर."

मी आत गेले, डाळं मागितलं, गूळ पुढ्यात घेतला. तो तिच्या आईने चिरला, आणि मी परात दोनदा धुतली.