ज्याचं चुकलं त्याचा डबा घरी

लोक विचारतात, कागलच्या एमआयडीसीत असं काय ठेवलंय, की तू पुण्याच्या नोकरीला नाही म्हणालीस? पगार बेताचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. तरी मला ती जागा आवडते, आणि का आवडते ते एका शनिवारी कळलं.

मला कामाला लागून पाच महिने झाले होते. कायम करायचं की नाही, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. काम माप तपासायचं. लेथ मशीनवर कातलेला लोखंडी शाफ्ट जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरायचा, बरोबर असला तर पुढं, नसला तर लाल ठिपका मारून बाजूला. लेथवर एक मामा होते. त्यांची उभी हयात त्या मशीनवर गेलेली. त्यांच्या कामाला मी कधी लाल ठिपका मारला नव्हता.

त्या सकाळी मारला. एक, मग दुसरा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा ट्रे लाल. मामा आधी माझ्यावर खेकसले, मग त्यांनी मशीन पुन्हा लावलं, मग चष्मा पुसला. तरी लाल. शेवटी त्यांनी मशीनच बंद केलं. आमच्याकडचा माणूस भर पाळीत मशीन बंद करतो तेव्हा समजावं, काहीतरी मोठं बिनसलंय. दुपारी त्यांनी सुपरवायझरना सांगितलं, हात गेला माझा, सोमवारपासून येत नाही.

ते ऐकलं आणि मला सकाळचं आठवलं. सकाळी मायक्रोमीटर माझ्या हातून फरशीवर पडला होता. पडला की आधी त्याचं शून्य तपासायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मी मात्र रुमालानं पुसला आणि कामाला लागले. आता तपासलं, तर शून्य जागेवर नव्हतं. मामांचे शाफ्ट ठणठणीत होते, माझंच माप खोटं होतं. खरं सांगते, वाटलं, गुपचूप दुरुस्त करावं. कुणाला कळलंही नसतं. पण सोमवारी मामाच नसणार होते.

गेले लेथपाशी आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सुपरवायझरनी मला चांगलं झापलं. मग म्हणाले, "सोमवारी डबा आणायचा न्हाय."

झालं, काढलं मला! रडूच फुटलं. तशी सगळी माणसं हसायला लागली. तिथला रिवाजच तो. ज्याचं चुकलं, त्यानं पुढच्या दिवशी डबा आणायचा नाही, सगळ्यांच्या डब्यातलं खायचं. चुकलेला माणूस कोपऱ्यात एकटा जेवायला बसतो, म्हणून कुणीतरी कधीतरी हे सुरू केलेलं. मला काढलं तर नाहीच, महिनाअखेरीस कायमही केलं. पण ते नंतरचं.

सोमवारी माझ्यापुढं पिठलं, खर्डा, कुणाच्या तरी घरचं सुकं मटण. चिडवणं तर विचारूच नका. मायक्रोमीटरला दोरी बांधून गळ्यात घाल म्हणाले. मामा सगळ्यांत शेवटी आले. माझी मान काही वर होईना. त्यांनी आपली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली.

"शनवारी माझी बोटं मलाच परकी वाटाय लागलीती, पोरी," ते म्हणाले. "आता घरी बसून करायचं काय, ह्येच डोक्यात. तू बोललीस म्हणून आज आलोय. जेव."

मी जेवले. पोटभर जेवले.