फ्लोरासाठी लावलेला रेडिओ

इस्रायलात अरादला बेझालेलभाऊ आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे रेवदंड्याचे, मुंबईत रेडिओ दुरुस्त करायचे, इथे कारखान्यात वायरमन. माणूस सरळ, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाहीत. त्यांची बायको फ्लोरा हॉस्पिटलात वारली तेव्हा हे ड्युटीवर होते. नर्स म्हणाली, बाई शेवटी काहीतरी बोलली, पण मराठी मला कुठली कळायला!

"तेवढं एकदा तिच्याकडून ऐकायचंय, सॅलीबाय," ते मला म्हणायचे.

त्यासाठी जुन्या रेडिओला तारा जोडून त्यांनी मेलेल्यांचे आवाज पकडायचं यंत्र केलं. मी म्हटलं, "अहो, जिवंतपणी ती तुमच्याशी दोन-दोन दिवस अबोला धरायची, आता कसली बोलतेय!" हसले, पण सोडेनात. वर्षभर नुसती खरखर.

त्र्याहत्तरच्या योम किप्पूरवर मात्र त्यांची भिस्त होती. आम्हा मराठी ज्यूंचा दारफाळणीचा सण तो. दारं लावून, पांढरे कपडे घालून आम्ही उपास धरतो आणि आपली गेलेली माणसं तेव्हा घरी येतात, असं कोकणातल्या म्हाताऱ्या सांगायच्या. त्यात इथे त्या दिवशी रेडिओ स्टेशनंही बंद. मधे बडबडायला कोणी नाही. सणाला बटणाला हात लावायचा नसतो, म्हणून यंत्र त्यांनी आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवलं.

दुपारी धोक्याचा भोंगा झाला. मी धावत त्यांच्याकडे गेले. यंत्र बोलत होतं! बेझालेलभाऊ भिंतीला धरून उभे. पण आवाज फ्लोराचा नव्हता. कोणी पुरुष हिब्रूत पलटणींची खुणेची नावं वाचत होता. लढाई सुरू झाली होती, म्हणून बंद स्टेशन चालू केलं होतं. आपल्या पलटणीचं नाव ऐकून त्यांचा मुलगा योराम उठला आणि बूट घालू लागला.

"येहिये बेसेदेर, अब्बा," बाबा, सगळं ठीक होईल म्हणाला, आणि गेला.

नावं संपली. यंत्र परत खरखरायला लागलं. बेझालेलभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले.

"सॅलीबाय, आता यातनं कोणी अब्बा म्हणून हाक मारली तर?"

सणाला दिव्याच्या बटणालाही कधी न शिवलेला तो माणूस. "फ्लोरा, तुझं राहू दे गं," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी तारा उपटून काढल्या.